नऊ वर्षांचा मलिदा

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते. लातुरात बावीस वर्षं क्लासच्या पोरांची मेस चालवली की कुणालाही येईल. म्हणून ग्रंथालयाचे किशनराव दारात येऊन "शिवगंगाबाई, तुमची शेगडी आन् भांडी तीन दिवस पाहिजेत" म्हणाले, तेव्हा मी लाटणं हातात धरूनच विचारलं, "कशाला? पुस्तकं शिजवून राहिलात का?"

"तसंच समजा," ते हसले. ज्यू लोकांच्या पुस्तकांचा महोत्सव होता. ठाण्याच्या काही बाया दरवर्षी तो भरवतात, पूर्वी त्यांच्यातलं कुणी जिथं राहून गेलं अशा गावात. यंदा लातूर. पुस्तकं मांडणार, आणि स्वयंपाकावर पुस्तकं लिहिणाऱ्या बाया लोकांसमोर पदार्थ करून दाखवणार. "त्यातल्या एक मिल्का झिराडकर," किशनराव म्हणाले, "लहानपणी निलंग्यात होत्या म्हणे."

अगं बाई! मिल्की! पोस्टमास्तरांची पोर. निलंग्यात आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर, गावातलं एकुलतं एक ज्यू घर. नऊ वर्षं राहिले आणि बदली होऊन गेले. मी आणि मिल्की एका पाटीवर भांडलेल्या. शेगडीच काय, सगळी मेस उचलून न्या म्हणाले मी किशनरावांना.

आदल्या दिवशी मिल्का मेसवर आली. केस पांढरे, चष्मा, पण हसू तेच. दोघी गळ्यात पडून रडलो. मग तिनं पिशवीतून पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं. "पहिलं पान बघ," म्हणाली. मी बघितलं. छापलं होतं: 'निलंग्याच्या गुरम्माकाकूंना. आमच्या घरचं गावात कुणी खात नव्हतं, तेव्हा नऊ वर्षं त्यांनी माझ्या आईच्या हातचा मलिदा खाल्ला.'

गुरम्मा म्हणजे माझी अव्वा, माझी आई, आणि तो मलिदा कुठं जायचा ते मला ठाऊक होतं.

आमच्याकडं मलिदा म्हणजे पोळी कुस्करून गूळ घालायचा. त्यांचा निराळा. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं. घरात कुणी आजारातून उठलं, काही चांगलं झालं, की एलियाहू नबीच्या नावानं आभार मानायचे आणि मलिदा वाटायचा. मिल्काची आई रिबेकाबाई पहिलं ताट आमच्याकडं पाठवायची. अव्वा दोन्ही हातांनी घ्यायची, मिल्कीला म्हणायची, "आईला सांग, लई गोड झालंय." मिल्कीची पाठ वळली की ताट मागच्या दारी, म्हशीपुढं. आमची आजी उंबऱ्यावर बसून बघायची. गळ्यात लिंग बांधलेलं घर आमचं, मटण शिजणाऱ्या चुलीवरचं तोंडात घालायची कुणाची छाती होती आजीपुढं?

आता साठ वर्षांच्या बाईला हे सांगायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणलं, गप बसावं. धास्ती एकाच गोष्टीची होती. अव्वा चौऱ्याऐंशी वर्षांची हाय, माझ्यापाशीच राहती, कान शाबूत हायेत, आणि तोंडाला कुलूप कधीच नव्हतं. मिल्कानं एवढ्या मायेनं जपलेली गोष्ट ही बाई भर सभेत मोडून ठेवणार.

"अव्वा, गर्दी लई असती. तू घरीच थांब," मी म्हणाले.

"रिबेकाची पोर आली आन् मी घरात बसू? डोकं फिरलं का तुझं?"

न्यावं लागलं. पहिल्या रांगेत बसवलं आणि तिचा पदर मुठीत धरून मी शेजारी बसले.

सभागृह भरलं होतं. मिल्का माझ्याच शेगडीमागं उभी. आधी नारळाच्या दुधातला हलवा करून दाखवला. बायांनी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडलं, ती मजेत उत्तरं देत होती. मग पोहे भिजवले, खोबरं किसलं, वेलची कुटली. सगळीकडं वास दरवळला. हात पुसून तिनं पुस्तक उघडलं आणि ते पहिलं पान मोठ्यानं वाचलं. "त्या गुरम्माकाकू आज इथं आहेत," म्हणाली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

अव्वानं टाळ्या संपू दिल्या. मग म्हणाली, "उठव मला."

"अव्वा, बस. तुझ्या पाया पडते."

"पदर सोड."

उठली काठी टेकवत. माईक लागतोय कुणाला! "मिल्के," ती म्हणाली, "म्या न्हाई खाल्ला गं तो मलिदा. एकदा बी न्हाई. म्हशीला घातला. पुस्तकात खोटं राहू नये म्हणून सांगून राहिले."

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. मिल्काचा चेहरा पार उतरला. चष्मा काढून तिनं पुसला. मग तिच्या ओठाचा कोपरा हलला.

"काकू," ती म्हणाली, "चैत्रातल्या जत्रेला तुम्ही पुरणपोळ्या पाठवायचात ना?"

"हाव. डझनभर."

"नेमका तेव्हा आमचा आठ दिवसांचा सण असायचा. बिनखमिराची भाकरी सोडून गव्हाचं काही घरात ठेवायचं नाही. आई परत पाठवायची नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. मला म्हणायची, जा, गुपचूप गुरम्माच्या म्हशीला घालून ये."

आधी किशनराव फुटले, मग सगळं सभागृह. मीही डोळे पुसत हसले. काय नशीब काढलं होतं त्या म्हशीनं! पण अव्वा हसली न्हाई. काठी घेऊन ती पायऱ्या चढायला लागली, मी मागं धावले.

शेगडीपाशी जाऊन ती मिल्कासमोर उभी राहिली. "मला खायाचा होता गं," म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "वास यायचा वेलचीचा. सासूला भिऊन राहिले. तुझ्या बापाची बदली झाली, गाडीत बसताना रिबेका मला म्हणली, गुरम्मा, तू एकटीनं आम्हाला घरचं मानलं. तवा सांगायला पायजे होतं. न्हाई सांगितलं. तिच्या तोंडावरचं सुख मोडवंना."

मिल्का रडत होती. तिनं अव्वाचे दोन्ही हात धरले. "आई शेवटपर्यंत तुमचं नाव घ्यायची, काकू. तुम्ही ताट दोन्ही हातांनी घ्यायचात ना, तेवढ्यानंच तिची ती नऊ वर्षं निभावली." मग थांबून हळूच विचारलं, "पुढच्या आवृत्तीत ते वाक्य काढू का?"

अव्वानं परातीकडं बघितलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावला, डोळे मिटले, आणि परातीतून मूठभर मलिदा उचलून तोंडात घातला. दात कुठले आता, सावकाश घोळवून घोळवून खाल्ला. एवढी माणसं समोर, सगळी तिच्या तोंडाकडं बघून राहिलेली. मी तिच्यावर उगाच चिडत आले सकाळपासून, असं मला वाटलं, आणि अशी माय दिली म्हणून देवाचे लाख उपकार मानले.

घास गिळून तिनं पदरानं ओठ पुसले.

"काढू नको," ती मिल्काला म्हणाली. "खाल्ला म्या."