तीन बोटांची बरगडी

गल्लीत त्याला सगळे तीनबोटे म्हणत. नवीन गिऱ्हाईक दुकानात आलं की हळूच त्याच्या हातांकडे बघायचं आणि बोटं मोजायचं. दहाच्या दहा भरली की बिचारं गोंधळून जायचं. कुणाला ते आडनाव वाटायचं. टपालवाला तर पाकिटावरचं खरं नाव वाचायच्या भानगडीत न पडता "तीनबोटे" अशी हाक मारून टपाल काउंटरवर टाकून जाई. गोष्ट एवढीच होती की डुकराची बरगडी तोडताना तो डाव्या हाताची तीन बोटं हाडावर आडवी ठेवायचा, बोटं उचलायचा आणि त्याच जागी सत्तूर घालायचा. फूटपट्टी नाही, खूण नाही. त्रेचाळीस वर्षं हेच. एक घाव, एक तुकडा, आणि हाडाचं टोक पुसून ठेवल्यासारखं साफ.

उरलेल्या जगाबद्दल त्याचं मत वाईट होतं. चरबी काढून द्या म्हणणारी माणसं त्याला अडाणी वाटत आणि चरबी राहू द्या म्हणणारी आगाऊ. मांस शीतकपाटात चार दिवस ठेवून मग ते कडक झालं म्हणून तक्रार घेऊन येणाऱ्यांशी तो बोलतही नसे, नुसता बघायचा. पण खरा राग होता तो हाडाच्या कणीवर. घाव नीट बसला नाही, एकावर दुसरा घालावा लागला की हाड चिरडतं आणि त्याची बारीक कणी मांसात अडकून राहते. ती दाताखाली आली की जेवणाराचं जेवण तिथंच संपतं. कुणी भीत भीत दुसऱ्या खाटकाकडचं मांस बारीक करून घ्यायला आणलं आणि त्यात कणी निघाली, तर तो ती नखावर घेऊन उजेडात धरायचा आणि म्हणायचा, "असल्या हातात सत्तूर देऊ नये." हे वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं. मागच्या चौकातल्या एका खाटकाने या वाक्यापायी धंदा बदलला आणि बुटांचं दुकान टाकलं असं लोक म्हणत, आणि तीनबोटे ते कधी नाकारत नसे.

आता तो बहात्तर वर्षांचा होता आणि महिनाअखेरीस दुकान कायमचं बंद करणार होता. घरात या कामाचा हात असलेलं कुणी नाही, असं कारण तो देई. मुलगा विमा कचेरीत होता. त्याच्याबद्दल बापाचं म्हणणं असं की याला पेन्सिलीला टोक काढायला दिलं तरी पट्टी बांधायला माणूस लागेल. लहानपणापासून तो दुकानातून नाक धरून जिना चढत आला होता, कारण घर दुकानाच्या वरच होतं आणि दुसरा रस्ता नव्हता.

राहिली सून. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दीड वर्षापूर्वी ते काम सोडून ती खाली दुकानात येऊन उभी राहिली, आणि कुणी विचारायच्या आत तिने कमरेला एप्रन बांधला. तीनबोटेने तिला वजन करायला आणि पुड्या बांधायला लावलं. पुड्या मात्र ती झकास बांधते, गोळ्यांच्या पुड्या बांधून सवय आहे, असं तो गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणायचा. दुपारी शटर अर्धं खाली ओढून तो खुर्चीत डोळे मिटायचा तेव्हा ती मागच्या खोलीत टाकायला काढलेली हाडं घेऊन जुन्या ओंडक्यावर तोडत बसायची. त्याला तो आवाज झोपेतून ऐकू यायचा. सत्तुराची धार घालवते आहे, एवढंच तो म्हणायचा आणि कूस बदलायचा. पहिल्या दोन-तीन महिन्यांत आवाज जोडीने येत असे, एका तुकड्याला दोन. मग तो एकेकटा यायला लागला. हे त्याच्या कानांनी नोंदवलं होतं, पण कान त्याला विचारून काही करत नव्हते.

दुकान बंद होणार हे कळल्यावर तिने सरळ विचारलं की दुकान मला द्याल का. तो इतका हसला की चहा नाकात गेला. गोळ्या मोजणारीला दुकान, असं तो त्या दिवशी सात-आठ जणांना सांगत सुटला. ती मात्र हलली नाही. तिचं म्हणणं होतं की नव्या इमारतींतली माणसं हल्ली कोरियन पद्धतीच्या बरगड्या मागायला येतात, त्यांना तशी तोड हवी असते, आणि तुम्ही त्यांना हाकलून देता. हे खरं होतं. टीव्हीत बघायचं आणि टीव्हीतच खायचं, असं सांगून त्याने त्या महिन्यात चौघांना परत पाठवलं होतं.

"मी स्वतः तोडते आणि त्यांच्या पद्धतीने मंद आचेवर स्वतः शिजवते," ती म्हणाली. "तुम्ही खाऊन बघा. मग ठरवा."

त्याने क्षणभर विचार केला आणि त्याला आनंद झाला. दोन-अडीच तास शिजलेलं, ओठांनी सुटणारं मांस म्हणजे कणीला लपायला जागाच नाही. भाजलेल्या मांसात एखादी खपून जाते, यात प्रत्येक कणी दाताला येऊन भेटणार. त्याने अट घातली. रविवारी दुपारी जेवायला बसायचं, एक जरी कणी निघाली तर महिनाअखेरीस शटर खाली आणि पुन्हा हा विषय नाही. नाही निघाली तर दुकान तिचं. सून हो म्हणाली. पोरीला आपण कुठे पाय ठेवतोय ते कळलेलं नाही, असं मनाशी म्हणून तो त्या रात्री छान झोपला.

रविवारी सकाळी तिने आकड्यावरून बरगड्यांचा अख्खा पट्टा काढला, मधल्या फटीतून सुरी फिरवून एकेक बरगडी सुटी केली. तीनबोटेला खुर्चीत बसवेना. आधी बघ आणि मग कर, असं म्हणून त्याने तिच्या हातातला सत्तूर घेतला. पहिला तुकडा पडला. दुसऱ्याला घाव किंचित तिरका बसला आणि पुन्हा एक घालावा लागला. ओंडका डुगडुगतोय, तो म्हणाला, साधी जागा नीट करता येत नाही तुला. सून खाली बसली आणि ओंडक्याखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. त्याने आणखी दोन तुकडे तोडले, सत्तूर ठेवला आणि हात एप्रनला जरा जास्तच वेळ पुसले.

मग ती उभी राहिली. तिनेही हाडावर तीन बोटं आडवी ठेवली. बोटं बारीक, तुकडेही बारीक. त्याने त्यातले दोन चिमटीत उचलून दाखवले आणि भातुकली मांडली आहेस का असं विचारलं.

"माझी बोटं एवढीच आहेत, बाबा," ती म्हणाली आणि तोडत राहिली.

वर स्वयंपाकघरात तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी तिने मांस तासभर थंड पाण्यात घालून ठेवलं. पाणी गुलाबी झालं, तिने ओतलं, नवीन घातलं. रक्त निघून जायला हवं म्हणे. मग पातेल्यात उकळी आणली, दहा मिनिटं राखाडी फेस येऊ दिला आणि ते सगळं पाणी, जे त्याच्या मते निम्मं जेवण होतं, मोरीत ओतून दिलं. माझ्या दुकानातलं मांस दोनदा धुवून खातात असं गल्लीत कळलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही, तो म्हणाला. ती नळाखाली एकेक तुकडा धरून त्याच्या दोन्ही टोकांवरून अंगठा फिरवत होती. नखरे, तो मनात म्हणाला. त्याने तोडलेले चार थोराड तुकडे आले तेव्हा मात्र तिने ते नुसते पाण्याखालून काढले आणि पातेल्यात ठेवले. एवढी तरी अक्कल आहे, असं त्याला वाटलं.

पुढे जे झालं त्याला तो स्वयंपाक म्हणायला तयार नव्हता. सोया सॉस, साखर, ठेचलेला लसूण, आलं, आणि त्यात चक्क किसलेली नाशपाती. नाशपातीने मांस मऊ होतं, तिने सांगितलं. मांस विस्तवाने मऊ होतं, फळाने पोट बिघडतं, त्याने सांगितलं. मग तिने गाजराचे आणि मुळ्याचे तुकडे घेतले आणि सुरीने त्यांच्या कडा गोल करत बसली, म्हणजे शिजताना एकमेकांवर आपटून त्यांचा लगदा होत नाही. गाजरांची हजामत चालली आहे, असं त्याने मुलाला बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मुलगा पेपर वाचत होता आणि पान उलटण्यापलीकडे त्याने काही केलं नाही. विम्याच्या माणसाकडून आणखी काय अपेक्षा करायची.

मंद आचेवर पातेलं दोन तास रटरटत राहिलं. शेवटी तिने झाकण काढून रस आटवला, तो काळपट आणि चकचकीत झाला, मग वरून तिळाचं तेल आणि कांद्याची पात. वास जिन्यातून खाली गेला असावा, कारण समोरची शिवणकाम करणारी बाई खिडकीत येऊन उभी राहिली. तीनबोटेने खिडकी लावून घेतली.

तो जेवायला बसला तो झडती घ्यायला बसावं तसा. भाताकडे त्याने बघितलंही नाही. एक तुकडा तोंडात घातला, मांस जिभेच्या धक्क्यानेच हाडापासून सुटलं, आणि ते गिळायच्या आधी त्याने जीभ सगळीकडे फिरवली, दाढांच्या मागे, गालांच्या आत. काही नाही. दुसरा. तिसरा. सुनेचे बारीक तुकडे एकामागून एक गेले आणि ताटाच्या कडेला साफ टोकांची हाडं जमत गेली. रस गोड होता, खारट होता, आणि त्याला चिडवत असल्यासारखा चांगला होता. समोर मुलगा, ज्याने आयुष्यभर नाक धरलं, तो बोटं चाटत होता. त्याच्याकडे बघून तीनबोटेला जितकी किळस आली तितकी त्याला कधी दुकानाच्या मोरीचीही आली नव्हती. सून काहीच खात नव्हती. ती सासऱ्याचा जबडा बघत होती.

सातव्या की आठव्या तुकड्याला दाताखाली कट्ट झालं.

त्याला इतकं बरं वाटलं की क्षणभर त्याने ती तशीच जिभेवर राहू दिली. मग बोटाने काढली, पुसली, नखावर घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. तांदळाच्या कणीएवढी, पांढरी, एका बाजूने धारदार. मुलाचा हात ताटावर थांबला. सुनेचा चेहरा उतरला आणि तिने तो लपवायचाही प्रयत्न केला नाही.

मग त्याने ते हाड बघितलं. टोकाला दोन खाचा होत्या, एक तिरकी, एक सरळ, आणि मधे हाड चिरडलेलं. आणि हाड लांब होतं. त्याने ते ताटाच्या आडोशाला घेतलं आणि त्यावर आपली डाव्या हाताची तीन बोटं आडवी ठेवली. बोटं बरोबर बसली, केसभर कमी नाही, जास्त नाही.

त्याने बोटं मिटून घेतली. हाड मुठीत होतं. मूठ न उघडता नुसती मान हलवली असती तरी काम झालं असतं. पोरगा बघणार नव्हता, त्याला हाडातलं ढिम्म कळत नव्हतं. पोरगी आत्ताच स्वतःला दोष देऊन मोकळी झाली होती. एवढ्यावर दुकान बंद झालं असतं आणि तीनबोटे हा कधीही न चुकलेला माणूस म्हणून घरी बसला असता. त्याला पहाटे चहाचा कप धरताना हल्ली लागणारा स्वतःचा दुसरा हात आठवला. ओंडक्याखालची पुठ्ठ्याची घडीही आठवली. ओंडका डुगडुगत नव्हता. त्याला स्वतःचा असा राग आला की घास कडू लागला.

"असल्या हातात सत्तूर देऊ नये," तो म्हणाला.

मुलाने तोंड उघडलं. एका कणीवरून इतकं काय, असं काहीतरी तो म्हणायला लागला, तर बापाने त्याला नुसत्या नजरेने गप्प केलं.

"अट होती," सून हळू आवाजात म्हणाली. "माझ्याकडून राहिली असेल. मी टोकं सगळी बघितली होती."

"सगळी?"

ती अडखळली. "तुमचे चार सोडून."

त्याने मूठ उघडली आणि हाड तिच्या ताटासमोर ठेवलं. "बोटं ठेव," तो म्हणाला.

तिने तीन बोटं ठेवली. बोटांच्या पलीकडे हाड चांगलं अर्धं बोट उरलं. तिने त्या दोन खाचांकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि लगेच नजर खाली घेतली. ही दया असेल तर तिचीही त्याला चीड आली.

"उद्या शटर तू उघड," तो म्हणाला. "सत्तुराला धार लावून ठेवतो, तेवढं अजून जमतं. नाशपाती कमी घाल, गोड झालंय. आणि कुणाचंही टोक बघितल्याशिवाय पातेल्यात टाकत जाऊ नकोस. सासऱ्याचंसुद्धा."

मग त्याने पातेलं जवळ ओढलं आणि त्यातले बारीक तुकडे शोधून शोधून ताटात घेतले.