जाड तेल

लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. आतलं सगळं ऐकू येतं. आमच्या तापाह गावात जुनी गाडी घेणारा माणूस आधी ती माझ्या गॅरेजमध्ये आणतो. मी बॉनेट उघडून चार ठिकाणी स्क्रूड्रायव्हर लावतो आणि "घे" किंवा "सोड" एवढंच सांगतो. चाळीस वर्षं हे असंच चाललं. कुणी गाडीचे कागद पुढं केले तर मी हात पुसत म्हणायचो की इंजिन जे सांगतं ते कागद काय सांगणार. खरं कारण वेगळं होतं. मला आकडे कळायचे, अक्षरं कळत नव्हती.

अक्षरं मला चिकगू रोहायदांनी शिकवली. आमच्याकडे शिक्षिकेला चिकगूच म्हणतात, मग ती आपल्या मुलीच्या वयाची का असेना. वस्तीच्या सभागृहात दर गुरुवारी आम्ही सात म्हातारे पाटी घेऊन बसायचो. स्वतःच्या गॅरेजची पाटी मी एकसष्टाव्या वर्षी वाचली.

यंदा त्यांची बदली वर डोंगरात, रिंगलेटच्या शाळेत झाली. रविवारी वर जायचं, शुक्रवारी खाली यायचं, म्हणून त्यांनी एक छोटी टर्बोवाली गाडी बघितली. तीन सिलिंडरची, सहा वर्षं वापरलेली. शनिवारी सकाळी ती माझ्या दारात आणून उभी केली.

मी स्क्रूड्रायव्हर लावला. कुठं खडखड नाही, कुठं शिट्टी नाही. एवढं शांत इंजिन मी त्या वर्षात ऐकलं नव्हतं. मी "घ्या" म्हणालो. चिकगूंनी सर्व्हिसची वही काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "अंकल, आता वाचता येतं ना? मग हीपण बघा."

मी हो म्हणालो आणि वही स्क्रूच्या डब्याखाली सारली. आजूबाजूला चार लोक उभे होते. बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत त्यांच्यासमोर वाचायला मला जमलं नसतं. आणि माझ्या कानानं एकदा सांगितल्यावर वाचायचं कशाला?

रविवारी साडेनवाला चिकगूंनी दारावरून जाताना हॉर्न वाजवला. मीही हात केला. मग पाकियम, माझी बायको, झाडताना म्हणाली, "त्यांचं पुस्तक तुमच्याकडेच राहिलं की."

चहा घेता घेता मी वही उघडली. दहा हजार किलोमीटर, तेल बदललं. वीस हजार. तीस हजार. त्याच्या खाली एकदम चौसष्ट हजार. मधे काहीच नाही. चौतीस हजार किलोमीटर ती गाडी त्याच तेलावर धावली होती. शेवटच्या ओळीत कुठल्याशा मेकॅनिकचं बारीक अक्षर होतं. तो ते लिहून मोकळा झाला होता, आणि मधल्या विकणाऱ्यांपैकी कुणी ते वाचलं नव्हतं. मी बोट ठेवून वाचलं. मालकाची तक्रार: चढावर तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. जाड तेल घातलं.

चहा तसाच राहिला. आता त्या शांततेचा अर्थ कळला. जाड तेल घातलं की झिजलेलं इंजिनही गप्प बसतं, निदान गार असताना. मी गारच ऐकलं होतं. चौतीस हजारांत तेलाचा चिखल झालेला असणार आणि खालच्या तेलाच्या भांड्यातली जाळी त्यानं बुजलेली असणार. तशा जाळीतून जाड तेल ओढलं जात नाही. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा तर मिनिटाला लाखावर फेरे घेतो, तेलाच्या पातळ थरावर. तिथं तेल पोचलं नाही की आधी तो जातो, मग इंजिन धरतं, म्हणजे आतून अडकून जागीच बंद पडतं. वळणावर इंजिन धरलं तर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक जड होतो. रिंगलेटच्या रस्त्यावर वळणाशिवाय काही नाही.

फोन लावला. लागला नाही. दहाव्या मैलानंतर वर रिंगलेटपर्यंत तो कुणाचाच लागत नाही. मी मोटारसायकल काढली. पाकियम म्हणाली, टोपी तरी घाला. मी ती हातात घेतली आणि तशीच हँडलला अडकवली.

त्या रस्त्यावर मी हजार वेळा गेलो असेन, पण प्रत्येक वळणावर खाली बघत कधी गेलो नव्हतो. भाजीच्या लॉरीमागून निळसर धूर दिसला की मी वेग वाढवायचो. पुढं गेल्यावर कळायचं, लॉरीचाच आहे. बांबूचे कठडे तुटलेत का ते बघत होतो. एका ठिकाणी तुटलेला दिसला, थांबलो, उतरलो. तुटलेल्या टोकांवर शेवाळ होतं. परत निघालो. माझं स्वतःचं इंजिन चढावर कुरकुरत होतं आणि त्या आवाजात मला चिकगूंच्या गाडीचा आवाज ऐकू येत होता, जो तिथं नव्हताच.

धबधब्याजवळ टपऱ्या आहेत. तिथं ती पांढरी गाडी उभी दिसली. बॉनेट बंद, धूर नाही. सुदीन तिथं केळी तळून विकतो; त्याच्या टपरीवर चिकगू केळी खात होत्या. मला बघून त्यांनी कागदाची पुडी पुढं केली. "अंकल, तुम्हीपण निघालात वर?"

मी विचारलं, गाडी कधी बंद केली. आल्याआल्या, म्हणाल्या. टर्बो गार व्हायला दोन मिनिटं चालू ठेवली नाही? नाही, ठेवायची असते का? मग मी लाल दिव्याचं विचारलं.

"लागला होता, मागच्या वळणावर. दोनदा लुकलुकला आणि गेला. तुम्ही बघून दिलेली गाडी आहे म्हणून मी लक्ष दिलं नाही."

 मी बॉनेट उघडलं, फडकं धरून तेलाचं झाकण काढलं आणि उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. आतून काळं, घट्ट, माडाच्या गुळाचा पाक जळल्यासारखं. कालही हे झाकण तिथंच होतं. मी ते काढून बघितलं नव्हतं.

चिकगूंना दोन वाजता शाळेत सभा होती. बावीस किलोमीटर राहिलेत, हळू हळू जाते, असं म्हणून त्यांनी किल्ली उचलली. सुदीननं झारा कढईवर ठेवला. "जाऊ दे की अंकल. तुमच्या कानाला काय झालंय? माझी गाडीपण तुम्हीच ऐकलेली, पळतेय अजून."

बाजूच्या टपऱ्यांवरचे दोघंतिघं आमच्याकडे बघत होते. त्यांच्याही गाड्या मीच ऐकल्या होत्या. काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पट्टा ढिला आहे म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मी म्हणालो, "चिकगू, ही गाडी आता चालू करायची नाही. काल माझी चूक झाली. तुम्ही वही दिली होती, मी वाचली नाही."

"वेळ नव्हता?"

"वेळ होता. लोक बघत होते."

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, बॅग घेतली आणि भाजीच्या रिकाम्या लॉरीत बसून वर गेल्या. मी ओढून नेणारी गाडी येईपर्यंत तिथंच फेऱ्या मारत राहिलो. सुदीननं मला केळी दिली नाहीत. बऱ्याच वेळानं जवळ येऊन हळूच म्हणाला, "माझ्या गाडीची वहीच नाही अंकल. आता कसं?"

"उघडून बघायची," मी म्हणालो.

मंगळवारी मी खालचं तेलाचं भांडं काढलं. जाळीचे चारातले तीन भाग बुजलेले. टर्बोच्या दांड्याला बोटानं हलवल्यावर जेवढी असू नये तेवढी ढील लागली. साफ केलं, तेलाची नळी नवी घातली, कंपनीनं सांगितलेलं पातळ तेल भरलं. ढिलीचं काही करता आलं नाही. तो दांडा वर्षं काढेल किंवा महिना, मला ऐकून सांगता येणार नाही. चिकगूंना तेच सांगितलं. दर पाच हजारांना तेल, बंद करण्याआधी दोन मिनिटं थांबायचं, दिवा लुकलुकला तर तिथंच उभं राहायचं. वहीत जाड तेलाच्या ओळीखाली मी स्वतः लिहिलं: जाळी बुजली होती. टर्बोत ढील आहे. आधी नुसतं ऐकून पास केली होती.

तेव्हापासून रविवारी साडेनवाला हॉर्न वाजतो. मी कान देतो, पण आता त्यावर भागत नाही. तिथून पुढं दोन तास, पोचल्याचा त्यांचा निरोप फोनवर येईपर्यंत, हातात पाना धरवत नाही.

गेल्या रविवारी पावणेबारा झाले तरी फोन वाजला नाही. पाकियम म्हणाली, बसा जरा. मी दोनदा मोटारसायकलपर्यंत जाऊन परत आलो. सुदीननं त्याची गाडी उघडून बघायला आणली होती; तो तिच्याखालचे सुटे बोल्ट मोजत बसला होता. तो म्हणाला, "तुम्ही माझी गाडी अर्धी उघडून ठेवलीय, अंकल. तेवढं लक्षात असू द्या."

बाराला फोन वाजला, चिकगूंचा निरोप आला. बोट ठेवून वाचलं. पोचले. भाजीच्या लॉऱ्यांमागे अडकले होते. दिवा लागला नाही. दोन मिनिटं थांबून बंद केली.

परत एकदा पहिल्यापासून वाचलं. मग फोन सुदीनच्या हातात दिला आणि त्याच्या गाडीखाली शिरलो.