बॅटरीची हवाबंद पेटी

माझे भावोजी निवृत्त झाले आणि त्यांनी एक जुना कॅम्पर ट्रेलर आणला. गाडीमागे जोडायचं चाकांवरचं घर. छत गळकं, फरशी कुजलेली. नोकरीत तीस माणसांना कामाला लावणाऱ्या या गृहस्थांनी घरी कधी बल्बही बदलला नव्हता. पण आठवडाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून ते मिस्त्री झाले.

बसायच्या बाकाखाली बॅटरीचा कप्पा करायचं ठरलं. दोन आठवडे नुसती ठाकठूक. प्लायवूडची पेटी, प्रत्येक फटीत सिलिकॉन, झाकणाला रबरी पट्टी.

ताई शाळेच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बॅटऱ्या चार्ज करत आलेली. ती म्हणाली, "अहो, चार्ज होताना ॲसिडच्या बॅटरीतून गॅस निघतो. बाहेर उघडणारी भोकं ठेवा. नाहीतर एका ठिणगीत बाक उडेल, वर बसलेल्यासकट."

"भोकं पाडली की धूळ येते," भावोजी म्हणाले. "तू चहाचं बघ."

ताईने चहाचं बघितलं.

बॅटरी आली. पेटीत चपखल बसली, पण झाकण काही लागेना. भावोजींनी उंची धरली होती ती नुसत्या बॅटरीच्या डब्याची. वर आलेले, तारा जोडायचे टर्मिनल हिशेबातच नव्हते. त्यांनी झाकणावर बसून पाहिलं. मग म्हणाले, "बॅटरीच चुकीची पाठवलीय," आणि दुकानदाराला जाब विचारायला तरातरा निघून गेले.

ताईने पदर खोचला. मला म्हणाली, "ड्रिल दे." बॅटरी बाहेर काढून तिने पेटी आणि तिला लागून असलेली ट्रेलरची बाहेरची भिंत यांतून आरपार दोन भोकं पाडली, एक खाली, एक वर. जाळी ठोकली. झाकणाखाली लाकडी चौकट देऊन पेटी दोन बोटं उंच केली. बॅटरी पट्ट्याने आवळली, जवळच फ्यूज बसवला, टर्मिनलवर टोप्या चढवल्या. दीड तासात दिवा लागला.

भावोजी परतले ते तोंड पाडूनच. दुकानदार काय म्हणाला ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही. पेटी बघून ते एवढंच बोलले, "हं. माझ्याही डोक्यात हेच होतं."

रविवारी त्यांचे जुने सहकारी ट्रेलर बघायला आले. भावोजींनी झाकण उघडलं. "हवेची सोय मी आधीपासूनच धरली होती."

"पण भोकं दोन कशाला?" एकाने विचारलं.

"एक हवा आत यायला," भावोजी म्हणाले. "आणि दुसरं... तेही आत यायलाच. जास्त हवा."

"गॅस हलका असतो, तो वरून बाहेर जातो," ताई दारातून म्हणाली. "खालून ताजी हवा येते."

"तेच ते. मी सोपं करून सांगत होतो."

विचारणारा गृहस्थ गालात हसला. "वहिनी, माझ्याकडेही असाच एक ट्रेलर अंगणात पडून आहे. बघायला याल?"

"आत्ताच येते," म्हणत ताईने ड्रिल पिशवीत टाकलं आणि पायात चपला सरकवल्या.

उरलेली मंडळी चहाची वाट बघत बसली. साखर कुठे असते, हे भावोजींनी मला तीनदा विचारलं.