परत इचार

राहीबाईच्या पोटातली गाठ काढून आठवडा होत आला होता. आज टाके काढायचे म्हणून सकाळपासून तिच्या तोंडचं पाणी पळालेलं. पण विचारतो कोण! सांगलीच्या त्या दवाखान्यात चौकशी सगळी तिच्या नवऱ्याकडं. हंबीरराव म्हणजे एकाहत्तरच्या लढाईनंतर पेन्शन घेऊन इस्लामपूरजवळच्या आपल्या गावी परतलेले हवालदार. डॉक्टर विचारायचे, दुखतं का? हंबीरराव सांगायचे, लय दुखतंय. ऑपरेशनच्या कागदावर सही त्यांचीच. बाईला भूक किती लागते, तेही तेच सांगणार! बरं, माणूस वाईट नव्हता हो. पलटणीत हुकूम सोडायची सवय, तीच घरात चाललेली.

सकाळी मोठे डॉक्टर शिकाऊ पोरांचा घोळका घेऊन आले होते. ना राम राम, ना नमस्कार. एकानं पांघरूण खाली ओढलं, सगळ्यांनी वाकून पोट बघितलं, इंग्रजीत काहीबाही बोलले आणि पुढच्या खाटेकडं गेले. राहीबाईनं तोंडावर घेतलेला पदर बराच वेळ काढलाच नाही. मेल्यांनो, बाजारात म्हशीला हात लावायचा तरी धन्याला विचारतात, असं तिच्या मनात आलं. आणि मग तिला रडूच फुटलं, कारण धन्याला तर विचारलंच होतं.

दुपारी टाके काढायचा ट्रे घेऊन पद्मावती आली. कवठेपिरानच्या जैन शेतकऱ्याची लेक, नर्सिंगला शिकणारी, अंगानं काडीसारखी. तिच्यामागं वॉर्डाच्या कांबळे सिस्टर उभ्या होत्या.

"मावशी, मी अजून शिकतीय," पोरगी म्हणाली. "टाके याआधी एकदाच काढलेत. सिस्टर इथंच थांबणार हायत. तुमचे टाके मी काढू का?"

"काढ की! त्यात काय इचारायचं?" हंबीरराव म्हणाले.

"काका, मी मावशींना विचारतीय."

राहीबाईला आधी उमजेचना. लग्न ठरलं तेव्हा तिला कुणी विचारलं नव्हतं. तिची लाडकी शेळी विकली तेव्हाही नव्हतं. तिनं पोरीकडं बघितलं, ट्रेमधल्या कात्रीकडं बघितलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई."

हंबीरराव उसळले. "अगं, डोस्कं फिरलं का काय तुझं? पोरीच्या शिक्षणाचा सवाल हाय!"

"राहू द्या काका." पद्मावतीचा चेहरा उतरला होता, पण आवाजात राग नव्हता. "सिस्टर काढतील." तिनं राहीबाईचं पांघरूण नीट सारखं केलं आणि ट्रे सिस्टरांपुढं धरला.

राहीबाई बघतच राहिली. नाही म्हटलं आणि नाहीच झालं! नवरा उसळला तरी पोरीनं गळ घातली नाही. तिला एकाएकी लय हलकं वाटलं.

"ए पोरी," ती म्हणाली, "परत इचार."

"काय मावशी?"

"मगाशी इचारलंस न्हवं? तसंच परत इचार."

पद्मावतीनं सिस्टरांकडं पाहिलं. सिस्टरांनी हसू दाबत मान डोलावली. मग पोरीनं सगळं पहिल्यापासून सांगितलं: मी शिकतीय, एकदाच काढलेत, सिस्टर इथंच हायत, काढू का? राहीबाईनं ते जिवाचा कान करून ऐकून घेतलं.

"व्हय. काढ. पन मी थांब म्हनलं की थांबायचं."

"थांबेन मावशी."

आणि राहीबाई थांब म्हणाली बरं का! एकदा खरंच दुखलं म्हणून, आणि एकदा नुसतं बघावं म्हणून. दोन्ही वेळा कात्री जागच्या जागी थांबली. एका टाक्याला पोरगी अडली, तेव्हा सिस्टरांनी मागून तिचं मनगट धरलं. "दोऱ्याच्या गाठीखाली, कातडीला लागून काप," त्या हळूच म्हणाल्या. शेवटचा दोरा निघाला, तशी राहीबाईनं पोरीच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. पोरीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

हंबीरराव खाटेच्या पायथ्याशी उभे राहून हे सगळं बघत होते. एवढ्यात वॉर्डाच्या दारात चहावाला आला. सवयीनं त्यांनी हाक मारली, "दोन दे रं!" मग मधेच थबकले. मागं वळले.

"अगं... चा घेनार का तू?"

राहीबाईचा घसा पार सुकला होता. चहा तिला हवाच होता. पण तिनं सावकाश पदर सारखा केला आणि उशीला टेकून बसली.

"परत इचारा," ती म्हणाली.