राहतं घर

"खिडक्या जुन्याच घराला बसवल्यात ना? नव्या बांधकामाला करातली ही सूट मिळत नाही," नॉर्बर्टने विचारलं.

"माझ्या नवऱ्याने बांधलं ते घर. ही तेव्हा पाळण्यात होती आणि आता पेन्शनीत निघालीय. म्हणजे जुनंच म्हणायचं," हिल्मा म्हणाली. शेजारी बसलेली तिची मुलगी लॉरेल हसली.

अमेरिकेतल्या डलुथ शहराच्या वाचनालयात दर मार्चमध्ये काही निवृत्त मंडळी म्हाताऱ्याकोताऱ्यांची करपत्रकं फुकट भरून देत. त्यांतल्या नॉर्बर्टने जन्मभर खनिजाच्या आगगाड्या हाकल्या होत्या, त्यामुळे पुढचा सिग्नल दिसल्याशिवाय तो हलत नसे.

"घर भाड्याने दिलंय?"

"माझ्या पलंगावर परकं माणूस? काहीतरीच तुमचं."

"आणि राहता तिथेच?"

हिल्माला मग सगळं सांगावं लागलं. मागच्या वर्षाच्या सुरुवातीलाच ती अंगणातल्या बर्फावर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तेव्हापासून मुक्काम लॉरेलकडे. घर विकून टाक, असा लॉरेलचा धोशा. पण हिल्माने शरदात इथूनच फोन करून उत्तरेकडच्या त्या घराला नव्या खिडक्या बसवून घेतल्या. परत जाईन तेव्हा गारठायला नको.

पूर्वी दर ऑक्टोबरात तिचा नवरा आर्वो शिडीवर चढून खिडक्यांवर बाहेरून थंडीसाठीच्या जादा काचा टांगायचा. ती खाली शिडी धरून त्याला घालूनपाडून बोलायची, आणि तो वरून मुद्दाम शीळ घालायचा. तरीही ऐन थंडीत काचांवर आतून हिम धरायचंच. मुलं त्यावर अंगठा दाबून भोक पाडायची आणि शाळेच्या बसची वाट बघायची. तीन मुलं, तीन उंचीवरची तीन भोकं. काय सुखाचे दिवस होते ते! आर्वो गेल्यावर त्या काचा टांगायला कोणी उरलं नाही.

"हे बघा," नॉर्बर्ट समजावू लागला, "आजारपणामुळे तात्पुरत्या बाहेर असाल आणि परत जायचं असेल, तर तेच तुमचं राहतं घर. तेवढी माणुसकी आहे कायद्यात. फक्त सांगा, परत जाणार ना?"

"हो म्हण ना, आई. रोज सकाळी कॉफी पिताना मला तेच तर ऐकवतेस."

लेकीला ऐकवणं वेगळं आणि त्याखाली सही करणं वेगळं. हिल्माला मागच्या दाराच्या पायऱ्या आठवल्या, लाकडांचा ढीग आठवला, सौनाच्या न्हाणीघराकडे जाणारी निसरडी वाट आठवली. तिने मांडीवरची काठी आडवी केली.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही जायची मी."

वर्षभर लॉरेलला हेच ऐकायचं होतं. आता ऐकलं, तर तिचे डोळे भरून आले.

"अगं आई, कोण येणार आहे तपासायला?"

"मला माहीत आहे ना."

"मग सूट बसत नाही," नॉर्बर्ट हळूच म्हणाला.

"नसू दे. खिडक्या चांगल्या आहेत. जो राहील त्याला ऊब मिळेल."

नॉर्बर्टने खिडक्यांची पावती बाजूला ठेवली. मग त्याने विचारलं, "पत्ता काय लिहू, बाई? राहता पत्ता?"

हिल्माच्या ओठांवर जुनाच पत्ता आला होता. मग ती मुलीकडे वळली.

"लॉरेल, तुझ्या घराचा नंबर काय गं?"