पिवळ्या निशाणाखालची ओटी

चित्राचा फोन आला तेव्हा मी कुकर लावत होते. एका वाटीच्या भातासाठी कुकर कशाला, असं रोज म्हणते आणि रोज लावते. शिट्टी झाली की घरात कुणी बोलल्यासारखं वाटतं.

"आई, पोहोचलो," ती म्हणाली. "पण उतरता नाही येऊन राहिलं."

माझी लेक चित्रा आणि जावई यशदीप नोकऱ्या सोडून शिडाच्या बोटीतून जग फिरायला निघालेत. आमच्या खानदानाचा पाण्याशी संबंध गावातल्या बूढ़ा तालाबावर हवा खायला जाण्यापुरता. हे खूळ कुठून आलं, देव जाणे! आता ती दोघं कुठल्याशा बेटांच्या देशाला पोहोचली होती. त्या देशाचं नाव मला अजून धड घेता येत नाही.

तिथला नियम असा, की किनारा समोर दिसत असला तरी बोटीवर पिवळं निशाण लावून थांबायचं. साहेब येऊन माणसं, कागद, खाण्यापिण्याचं सामान तपासणार, शिक्का मारणार, मग निशाण उतरणार. त्याआधी जमिनीला पाय लावला तर गुन्हा.

"मग? साहेब आला नाही काय?"

"आली. मॅडम हाये. तिले ओटी सापडली."

ती निघाली तेव्हा मीच तिची ओटी भरली होती. विधवेनं ओटी भरू नये म्हणतात, पण एका सुवासिनीसाठी मी काय अख्खी चौबे कॉलोनी पालथी घालणार होते? दुबराज तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. रिवाजाप्रमाणे तिनं त्यातले चार दाणे माघारी माझ्या तांदळाच्या डब्यात टाकले, परत येण्याची खूण म्हणून. बाकीची ओटी बोटीत जपून ठेवली. आणि आता तिथल्या फॉर्मवर डाळ, तिखट, लोणचं सगळं लिहिलं, ओटी तेवढी नाही.

"काहून नाही लिहिली वं?"

"आई, ओटीले कोणी सामानात मोजते काय?"

खरंच होतं. मीही लिहिली नसती. पण तांदळात किडे झाले होते, आणि त्या देशात किडा म्हणजे दरोडेखोर. मुद्दाम लपवलं असेल तर प्रवेश नाही, असं मॅडमचं म्हणणं. चित्रा घाबरून "हे माझ्या आईचं आहे" एवढंच बोलली होती. म्हणून मॅडमला आता त्या आईशीच बोलायचं होतं.

"आन् नाहीच म्हणाली तर?"

"तर काय, मागच्या बंदरावर वापस जाऊ, तिथंच बोट विकू आन् विमानानं सीधा घरी येऊ." तिला रडू आवरेना. "इतक्या दूर येऊन, आई..."

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. मागची खोली, तिची गादी, दोन वाट्यांचा भात. लाज वाटली, पण ती मागून.

फोनवर मॅडम दिसली. माझ्याच वयाची, पांढऱ्या केसांची, डोळ्यांवर चष्मा. माझं इंग्रजी रेल्वेच्या ऑफिसातलं, सगळं 'काइंडली'नं सुरू होणारं. तिनं मात्र सरळच विचारलं, ही वस्तू बोटीत आहे हे तुमच्या मुलीला माहीत होतं का?

चित्रा तिच्या मागे उभी होती. उन्हानं काळवंडलेली, वाळलेली. दहावीच्या निकालाच्या दिवशी बघत होती तशी माझ्याकडे बघत होती. मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. खरंही तेच होतं. एका शब्दात लेक घरी आली असती.

"नो, मॅडम," मी म्हणाले. "तिच्या कपड्यांखाली मीच लपवून ठेवलं. तिला कळलं असतं तर तिनं नेलंच नसतं. आजकालच्या मुली!"

"पण का ठेवलंत?"

इथे खोटं बोलायची गरज पडली नाही. घरातून बाई रिकामी जाऊ नये आणि परत यावी म्हणून देतात, मी सांगितलं. इंग्रजीत ते फारच उघडं पडलं. मॅडम लिहिता लिहिता थांबली.

"मग परत कधी येणार आहे ती?"

"तिलाच विचारा," मी म्हणाले. "मला सांगत नाही."

मॅडमनं ताकीद देऊन सोडलं. खण तेवढा परत दिला, बाकी सगळं पिशवीत बांधून जाळायला नेलं. पासपोर्टवर शिक्के पडले. यशदीपनं निशाण उतरवलं, त्याची आरोळी मला इथे ऐकू आली.

"आई, तू माझ्यासाठी खोटं बोलली," चित्रा हळूच म्हणाली. मग जरा थांबून, "ओटी जाळून टाकतीन. काही अपशकुन तर नाही न?"

"अपशकुन कायचा? तुझे चार दाणे हायेत न माझ्या डब्यात. तेवढे बस झाले."

"हव," ती म्हणाली. तिच्या जिवात जीव आला. मग तिला किनाऱ्यावर जायची घाई झाली.

फोन ठेवला. कुकर गार झाला होता. भात वाढून घेतला. ते दाणे वेगळे काढून ठेवायचं मला सुचलंच नव्हतं. ती गेल्यापासून तो डबा कितीदा रिकामा झाला आणि कितीदा भरला. चित्राचे दाणे मी कधीच खाऊन टाकले होते, अशाच कुठल्यातरी दुपारी, एकटीनं.