रेकॉर्डवरची बाई

रहिमान मास्तरांच्या बँडचे कोट त्यांची बायको खैरुन्निसा शिवायची, आणि तिच्या हातचा कोट घातलेला माणूस फौजेतून पळून आल्यासारखा दिसतो हे पिंपरीच्या बाजारात सगळ्यांना माहीत होतं. तिलाही होतं. खांद्यावरची सोनेरी झालर एकीकडे चढती, एकीकडे उतरती. "वाजवताना माणूस वाकडाच होतो, मग कोट सरळ कशाला?" असं म्हणून ती पुढचा कोट तितकाच वाकडा शिवायची. चाळिशी उलटली होती, चष्मा लागला होता, नि शिलाई मशीनच्या पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना दर वेळी टक करायचा, तो दुरुस्त करून घ्यायचं वर्षानुवर्षं राहून गेलं होतं.

घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे बँडची तालीम चालायची. मध्ये एका विटेची भिंत. लग्न होऊन आल्यापासून खैरुन्निसा त्या गोंगाटाला शिव्या देत आली होती, आणि आता तो गोंगाट बंद पडायची वेळ आली तेव्हा तिचाच जीव खालीवर व्हायला लागला. चिंचवडच्या एका बँडने हातगाडीवर इलेक्ट्रिक ऑर्गन चढवला होता, आणि लोक एकदम त्याच्याच मागे लागले होते. रहिमानच्या हातात चाकणजवळच्या गावातलं पाटलांच्या पोराचं लग्न तेवढं उरलं होतं.

"हे जमलं नाही तर वाद्यं विकतो," जेवताना रहिमान म्हणाला. "कंपनीत वॉचमन घेतायत."

"घ्या की. वॉचमनला शिट्टी देतात. फुंकायची सवय तरी राहील," ती म्हणाली, आणि आपलं अर्धं ताट तसंच झाकून ठेवलं.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ हनीफ खोकं घेऊन आला. हनीफचा भंगाराचा धंदा. एका कंपनीत परदेशी इंजिनियर असायचे, त्यांचा क्लब बंद झाला, त्यातल्या खुर्च्या-पंख्यांबरोबर हे खोकं आलं. आत रेकॉर्डी. बऱ्याचशा उन्हाने पापडासारख्या वाकलेल्या, एकच धड होती. तिच्या कव्हरावर सुटाबुटातल्या सावळ्या माणसांची अख्खी पलटण हातात पितळी वाद्यं घेऊन बसलेली, आणि पुढे चंदेरी झग्यात एक दणकट बाई. बाई चांगली आपल्यासारख्याच अंगाची आहे हे बघून खैरुन्निसाला उगाच बरं वाटलं.

"आपा, पुण्याच्या दुकानात दाखवली," हनीफ म्हणाला. "तो म्हणतो, ही काढणारी कंपनीच बुडाली. कुणाकडे नसणार. नि घेणारही कुणी नाही. तुमच्याकडे राहू दे."

मंडपवाल्याचा रेकॉर्ड प्लेअर आणला नि सुई ठेवली, तर शेडचे पत्रे थरथरले. इतके भोंगे एकदम वाजून एकमेकांच्या अंगावर पडत नव्हते, हेच रहिमानला पहिल्यांदा खरं वाटेना. एक घोळका विचारायचा, दुसरा उत्तर द्यायचा, आणि सगळे दमले की ती बाई सुरू व्हायची. सुरुवात अशी, की मोठ्या देवळात एकटीच प्रार्थना करतेय. आणि मग अशी उसळायची, की देवाशी भांडतेय का नवऱ्याशी, काही कळू नये. भाषा कळत नव्हती. पण खैरुन्निसाचं मशीन थांबलं होतं.

"हेच वाजवायचं पाटलांच्या परण्याला," रहिमान म्हणाला. "नवरदेव मारुतीला निघाला की. बघू ऑर्गनवाला कुठून नक्कल मारतो!"

बँडमध्ये कुणालाच कागदावरचं संगीत येत नव्हतं. त्यांची पद्धत साधी. रेकॉर्ड लावायची, प्रत्येकाने त्यातलं आपलं एकच वाद्य कानाने पकडायचं, बाकीच्यांकडे लक्ष द्यायचं नाही, आणि ते सबंध पाठ होईतो हलायचं नाही. सगळ्यात आधी ज्योतीरामचं ट्रॉम्बोन पाठ झालं. तो कंपनीत कामाला होता, शिफ्ट संपली की थेट यायचा. त्याने एकदाही न चुकता सगळं वाजवलं, सगळ्यांनी वाहवा केली, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे काजं करताना खैरुन्निसाला वाटलं, रेकॉर्डमध्ये काहीतरी कमी आहे. तोंडातला दात पडल्यावर जीभ जाते तसा तिचा कान सारखा त्या जागेवर जात होता.

"अजी, ट्रॉम्बोन कुठे गेलं?"

"काय कुठे गेलं?"

"रेकॉर्डवरचं. लावा परत."

परत लावली. इतर सगळे वाजत होते. ट्रॉम्बोनच्या जागी, पंगतीतून एकजण उठून जावा तशी, मोकळी जागा.

"सुई झिजली असणार," रहिमान म्हणाला. त्याने नवी सुई आणली. नव्या सुईने ती मोकळी जागा जास्तच स्वच्छ ऐकू आली.

पुढे फारूक होता, झांज वाजवणारा. रेकॉर्डवर पियानो होता नि बँडमध्ये तो नव्हता, म्हणून फारूकने बुलबुलतरंगावर ते काम उचललं. ऐकणाऱ्याला वाटावं, पियानोला सर्दी झालीय. पण पाठ मात्र पक्कं झालं, आणि रेकॉर्डवरून पियानो गेला. मग ट्रम्पेटं, मग सॅक्सोफोन, मग दादूचा ढोल. खैरुन्निसा दर वेळी रेकॉर्ड परत लावायला सांगायची, आणि बँडची माणसं मात्र खुशीत. कारण जे रेकॉर्डमधून जात होतं ते शेडमध्ये जसंच्या तसं वाजत होतं. फक्त वाकड्या कोटात.

"त्यात काय एवढं, भाभी?" ज्योतीराम चहा पिता पिता म्हणाला. "कंपनीत आसंच आस्तंय. दुसऱ्या शिफ्टचा रिलीव्हर मशीनवर हुबा ऱ्हायला की पहिल्या शिफ्टचा मानूस सुटतो. तवर त्याला हालता येत न्हाई. आमी हुबं ऱ्हायलो, त्ये सुटलं."

"सुटून कुठे गेले?"

"घरी," ज्योतीराम म्हणाला, आणि बशीतला चहा फुर्र केला.

शेवटी रेकॉर्डवर ती बाई तेवढी राहिली. बँडचा कायदा असा, की गाणाऱ्याची जागा क्लॅरिनेट घेतं. मुरारीने तिची ओळ न् ओळ बोटांत बसवली, पण ती जिथे उसळायची तिथे त्याचं क्लॅरिनेट शेपटीवर पाय पडल्यासारखं किंचाळायचं. रेकॉर्ड लावली की बाई आहे तिथेच.

"ही जाईना, मास्तर," मुरारी म्हणाला.

"कशी जाईल? बाईच्या जागेवर बाई लागते," दादू म्हणाला, आणि सगळे हसले. रहिमान हसला नाही. तिच्याशिवाय ते सगळं नवरीवाचून मांडव घातल्यासारखं वाटत होतं, आणि लग्न तोंडावर आलं होतं.

खैरुन्निसाही हसली नाही. दिवसभर ऐकून ऐकून ते गाणं तिच्या घशापर्यंत येऊन बसलं होतं, म्हणून पीठ मळतानासुद्धा ती ओठ मिटून असायची. पाठ झालं की माणूस जातो, हे तिला कळून चुकलं होतं. आणि ती बाई जावी असं तिला वाटत नव्हतं. दुपारी घरात कुणी नसलं की ती शेडमधला प्लेअर आत आणून रेकॉर्ड लावायची, नि दोघींचं बरं चालायचं. एक गायची, एक शिवायची. मध्येच जिथे पूर्वी ट्रम्पेटं उत्तर द्यायची तिथे बाई थांबायची, वाट बघायची, आणि उत्तर आलं नाही की पुन्हा आपली एकटीच सुरू व्हायची. "बघतेस काय, आमच्या मेल्यांनी नेलं तुझं गणगोत," खैरुन्निसा तिला सांगायची. "मी नाही हो काही घेतलं."

लग्नाच्या दिवशी बँड टेम्पोत बसून चाकणकडे गेला. जाताना रहिमान नुसताच दारात उभा राहिला. "आलो की कळेलच," म्हणाला. त्याच्या कोटाची डावी बाही लांब झाली होती. तिने ती दोन बोटं दुमडून दिली.

उन्हं कलली तशी तिला घर खायला उठलं. एरवी भिंतीपलीकडे कुणीतरी काहीतरी फुंकत असायचं. आता असंच राहणार, रहिमान शिट्टी घेऊन कंपनीच्या गेटवर नि आपण इथे, असं मनात आलं, तशी तिने रेकॉर्ड लावली आणि मशीनवर बसली. बाई सुरू झाली. थांबली. वाट बघितली. आज ते थांबणं खैरुन्निसाला सोसवेना. पुढची ओळ बाईने घेतली, तिच्याबरोबर हिने घेतली. आधी गुणगुणत, मग चांगली मोकळ्या गळ्याने, शब्द कळत नव्हते तरी जसेच्या तसे, पाय मशीनवर चालूच. उसळायची जागा आली तेव्हा आपण उसळतोय का ती, हे कळेनासं झालं, आणि गाणं संपलं तेव्हा शेजारच्या केसरबाई खिडकीत येऊन म्हणाल्या, "खैरून, बरं नाही का वाटत तुला?"

दिवे लागायच्या सुमाराला टेम्पो परत आला तो आरडाओरडा करतच. रहिमानच्या गळ्यात झेंडूचा हार, हातात जिलबीचा पुडा.

"जमलं, खैरून! पाटलांनी पोरीचंही लग्न आपल्यालाच सांगितलं. त्यांच्या पाहुण्यांनीही सांगितलं. आता वाद्यं विकतोय कोण!"

"आणि बाईची जागा?"

"तीच गंमत. मुरारीने क्लॅरिनेट तोंडाला लावलं, फुंकायच्या आतच बाई गायली. गर्दीतून. कोण, कुठली, देव जाणे. पाटलांनी स्पीकर लावला असेल."

"स्पीकर न्हवता, मास्तर," दादू म्हणाला. "बाईच हुती. पर गाताना मधी मधी टक, टक वाजायचं. त्ये काय कळलं न्हाई."

"पाटलांच्या आईने, पुतळाबाईंनी, लुगडं दिलंय," रहिमान म्हणाला. "म्हणाल्या, गाणारीला द्या. आता गाणारी कुठून आणू? तूच नेस."

लुगडं हिरवं होतं, चांगलं जाड काठाचं. ते हातात घेऊन खैरुन्निसा आत आली. बाहेर अंगणात जिलबीवर तुटून पडलेल्या माणसांचा आवाज चालला होता. कोपऱ्यात मशीन होतं, तिनेच मघाशी त्याच्यावर कापड घालून ठेवलेलं. तिने रेकॉर्डवर सुई ठेवली.

बाई नव्हती. नुसती खरखर. सुटली बिचारी, असं म्हणून ती सुई उचलणार, तेवढ्यात खरखरीच्या मागे, लांब, काहीतरी चालताना ऐकू आलं. कुणीतरी मशीनवर शिवत होतं. घरघर, घरघर, आणि दर फेऱ्याला टक.

"खैरून!" बाहेरून रहिमानने हाक मारली. "चहा टाकतेस का?"

रेकॉर्डवरचं मशीन थांबलं.

"आले, आले," खैरुन्निसाचा आवाज म्हणाला, थोडा वैतागलेला, रोजच्यासारखा. बाहेर रहिमानचं समाधान झालं नि तो पुन्हा गप्पांना लागला.

लुगडं छातीशी धरून खैरुन्निसा तशीच उभी होती. तिने तोंड उघडलंच नव्हतं.